सरांची किल्ली

३ मार्च २०२५, सोमवार

सकाळी टेबलावर पर्स ठेवते न ठेवते तोच तळेगावहून रूपालीचा फोन. "मॅडम, काम्प्युटरवर लाल पाटी येऊन राह्यली. इंग्रजीत हाये. अन् फायलीची नावं सारी बदलून गेली."

एकाच मशीनवर का, म्हणून विचारलं. ती उठून बघून आली. तिन्ही मशीनवर.

"मागची निळी वायर ओढ," मी म्हटलं. "तिन्हींची. बाकी कशाला हात लावू नको."

"ओढू खरंच? तुमीच तर म्हणता वायरीले हात लावू नका."

"आज ओढ."

मग कारंजाला आणि आर्वीला फोन करून तिथल्याही वायरी ओढायला लावल्या. आर्वीचं ऑफिस उघडायचंच होतं. कारंजात सकाळपासून वीज नव्हती, म्हणून ते वाचलं. वीज नसल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

धामतीर शिक्षण मंडळाच्या चार कचेऱ्यांतली एकोणीस मशीनं मी वर्ध्यात बसून सांभाळते, तेरा वर्षं झाली. दूरच्या मशीनचा पडदा माझ्या पडद्यावर उघडतो आणि मी इथून तिथलं काम करते. त्यासाठी प्रत्येक कचेरीत इंटरनेटकडे एक दार उघडं ठेवलेलं होतं आणि सगळ्या दारांना एकच पासवर्ड होता: मंडळाचं नाव आणि स्थापनेचं साल. हे बदलावं असं मी दोनदा लेखी दिलं. दुसऱ्या अर्जावर 'पाहू' असा शेरा आहे.

खरं म्हणजे पासवर्ड बदलायला अर्ज लागत नव्हता. एका दुपारचं काम होतं. चार ऑफिसांतल्या लोकांना नवा पासवर्ड समजावून सांगायचा कंटाळा केला, एवढंच. सचिवसाहेबांनी आजपासून रोजची नोंद ठेवायला सांगितलं आहे. ती ऑफिसच्या रजिस्टरात जाईल. हे वाक्य तिथे जाणार नाही. ही वही माझी.

४ मार्च, मंगळवार

तळेगावला गेले. एसटीने आर्वीवरून, अडीच तास. खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, ऊन मांडीवर.

तिन्ही मशीनं मेलेली आहेत. म्हणजे चालू होतात, पण आतलं काहीच उघडत नाही. कुणीतरी परदेशात बसून आपल्या उघड्या दारातून आत आलं, सगळ्याला कुलूप लावलं आणि आता खंडणी मागतं आहे. सचिव चंद्रभानजी फोनवर म्हणाले, "एक छदाम नाई द्याचा." ते बरोबरच बोलले.

सगळ्या फायलींची नक्कल, म्हणजे बॅकअप, वर्ध्याच्या मशीनवर असायची. ते मशीन जोडलेलंच होतं, त्यामुळे नकलेलाही कुलूप. कपाटात एक सुटी डिस्क सापडली, डिसेंबरची. तिच्यामुळे जुनं बहुतेक परत येईल. जानेवारी-फेब्रुवारीचं गेलं. त्या दोन महिन्यांत रूपालीने दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन केली होती, १९५२ पासूनची. कोणाला जन्मतारखेचा, जातीचा पुरावा लागला की तीच उघडावी लागतात. मूळ कागद वाळवीने खाल्लेले; दोन रजिस्टरं तर पान उलटलं की हातात येतात.

ऑफिसबाहेर एक बाई लेकीच्या दाखल्यासाठी सकाळपासून बसून होती. आजोबांच्या नोंदीचा उतारा हवा होता. रूपालीने आणि शिपाई नानाजींनी वाळवीचं रजिस्टर पाटावर ठेवून, पट्टीने एकेक पान उचलत नोंद शोधली आणि हाताने उतारा लिहून दिला. दोन तास लागले.

रूपाली मला म्हणाली, "पुना स्कॅन करू न मॅडम, काऊन एवढं तोंड पाडता?" परत येताना आर्वीपर्यंत उभी होते.

११ मार्च, मंगळवार

सगळी दारं बंद केली. आता बाहेरून कोणालाच काही दिसत नाही, मलासुद्धा. गेल्या आठ दिवसांत तळेगावच्या तीन आणि कारंजाच्या दोन चकरा झाल्या. पाठ बसच्या सीटच्या आकाराची झाली आहे.

नवी योजना सचिवसाहेबांना समजावली. कचेऱ्यांच्या मध्ये एक बंद बोगदा बांधायचा. ज्याच्याकडे स्वतःची किल्ली आहे तोच त्यात शिरेल. वर फोनवर सहा आकडी कोड येईल; तो टाकल्याशिवाय किल्ली चालणार नाही. कोण कधी आत आलं, किती वेळ राहिलं, सगळ्याची नोंद आपोआप होईल. आणि नकलेची डिस्क रोज काम झालं की काढून कपाटात.

"मॅडम, तुमी सांगता थे मले काई समजत नाई," चंद्रभानजी म्हणाले. "फक्त एवढं सांगा, किल्ली कोणाकोणापाशी राहीन?"

"माझ्याकडे. आणि एक प्रभाकरराव सरांकडे."

"सर? रिटायर होऊन तीन वर्षं झाली त्यायले."

"हे सगळं जाळं त्यांनीच विणलंय. मला काही झालं तर दुसरं कोण आहे?"

ते लगेच तयार झाले. सरांचं नाव घेतलं की या इमारतीत कोणी वाद घालत नाही. एक मेला संगणक कक्षाला सरांचं नाव द्यायचं ठरलंय, सत्कारही आहे.

१५ मार्च, शनिवार

सरांच्या घरी गेले, रामनगरला. काल धुळवड झाली, अंगणातल्या फरशीवर गुलाबी डाग होते आणि शरयूकाकू ते घासत होत्या. काकू मला बघून थांबल्या आणि आधी म्हणाल्या, "फोन करून यायचं ना गं." जरा विचित्र वाटलं. मी या घरी कधी फोन करून आलेले नाही.

सरांच्या मशीनवर किल्ली बसवली. त्यांनी मला सगळं तीनदा समजावून सांगायला लावलं. बोगदा म्हणजे काय, कोड कुठे येतो, कोड का लागतो. तिसऱ्यांदा तर अगदी पहिल्यापासून. सर अजूनही परीक्षा घेतात. तेरा वर्षांपूर्वी मला नोकरीला घेतानाही असंच केलं होतं. एकच प्रश्न फिरवून फिरवून, उमेदवार डगमगतो का बघायला. मी डगमगले नाही.

त्यांची शिस्त मात्र बघावी. मॉनिटरच्या भोवती स्वच्छ अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. 'एक: मागचे बटण दाबणे. दोन: पडदा उजळेपर्यंत थांबणे. तीन: नाव प्रभाकर, लहान अक्षरात.' नवशिक्यांसाठी पुस्तिका लिहीत असावेत. मी तसं म्हटलंही. सर हसले आणि काकूंकडे बघितलं.

कोडसाठी काकूंचा नंबर दिला. सरांचा फोन म्हणे सारखा कुठेतरी राहतो.

सरांना फक्त बघण्याचा अधिकार देऊन भागलं असतं. पण ते कसं सांगणार? पूर्ण अधिकार दिला.

२० मार्च, गुरुवार

आज वर्ध्यात बसून तळेगावचं मशीन उघडलं, बोगद्यातून. डिसेंबरची डिस्क पूर्ण उतरली. रूपालीने १९५२ चं रजिस्टर पुन्हा स्कॅन केलं; ती आणि नानाजी रोज दुपारी चाळीस पानं करतात. "नानाजी पान धरते, मी बटन दाबते," म्हणाली. आवाजात थकवा म्हणून नाही. तिचं वय काय, एकोणतीस.

मी घरी येऊन साडेआठला झोपले. माझा नवरा अभिराम नागपूरहून गाडीने आला तेव्हा जेवण टेबलावर झाकलेलं होतं आणि मी दिवा चालू ठेवून झोपलेली, असं तो सांगतो.

२७ मार्च, गुरुवार

बोगद्याच्या नोंदी पाहिल्या. सर रोज अकराच्या सुमारास आत येतात. नकलेचं फोल्डर उघडतात, कालची नक्कल झाली का बघतात, बाहेर जातात. मग पाच मिनिटांनी परत येऊन तेच बघतात. मग परत. मंगळवारी नऊ वेळा, काल अकरा वेळा.

एवढा अविश्वास? एकदा चूक झाली माझी, कबूल. पण रोज अकरा वेळा तपासायचं? मी कामावर आल्या दिवशी सर म्हणाले होते, "तुझ्यावर सोपवलंय, आता मागे बघणार नाही." आता बघतात.

काही बोलले नाही. बोलायला ताकद लागते.

२ एप्रिल, बुधवार

तळेगावची नक्कल दुपारी दोनला होते. सोमवारी कोणीतरी ती वेळ सकाळी दहा केली. नोंदीत सरांचं नाव. दहाला तर रूपाली काम सुरू करते. मशीन मुंगीच्या चालीने चालायला लागलं आणि तिचं स्कॅनिंग अडलं. काल ती वेळ परत दोन झाली, तीही सरांकडूनच. आणि आज मला सरांची मेल: 'नकलेच्या वेळेत परस्पर बदल कोणी केला? असे प्रकार पुन्हा होऊ नयेत.' खाली सचिवांना प्रत.

स्वतः करायचं, स्वतः सुधारायचं आणि जाब मला विचारायचा? तेही सचिवांना दाखवून? मी उत्तर लिहिलं, नोंदीचे पुरावे जोडले, आणि मग सगळं पुसलं. सत्काराच्या तोंडावर शोभत नाही. ऑफिसच्या रजिस्टरात लिहिलं, 'वेळेत तांत्रिक बदल, पूर्ववत केला.'

८ एप्रिल, मंगळवार

सरांनी फोनवर मला "प्रेरणा" म्हटलं. दोनदा. प्रेरणा माझ्या आधी या जागेवर होती, पुण्याला गेली. हुशार होती म्हणे. समजायचं ते समजले.

१६ एप्रिल, बुधवार

पारा त्रेचाळीसवर. कूलरमध्ये पाणी भरायला शिपाई नाही, मीच भरते.

रूपालीचा फोन आला. काम झाल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, "मॅडम, सरचा फोन आलता इकडं. तळेगावात किती मशीनी हाये म्हणून इचारत होते. मी सांगतलं तीन. मंग अर्ध्या घंट्यानं पुना फोन. पुना तेच. मले कसंतरीच वाटलं."

मी म्हटलं, सर उलटतपासणी करतात, त्यांची पद्धतच आहे.

"तसं नाई वाटलं मले," ती म्हणाली. "माया आजीसारखं वाटलं."

तिच्या आजीबद्दल मी विचारलं नाही. कारंजाचा प्रिंटर बंद पडला होता, तिकडे लागले. आता शाखांत जरा खुट्ट झालं की मला धडधडतं. कोडसाठी काकूंचा फोन लागतो, तोही दिवसातून दहा वेळा. काकू प्रत्येक वेळी सरांच्या शेजारी बसूनच असतात असं दिसतं. मी फोन केला तरी उचलतात त्याच. "अंघोळीला गेलेत," म्हणतात. आणि दिला तरी लाईनवर राहून मागून उत्तरं सांगतात. एवढा पहारा कशासाठी, कोण जाणे. पूर्वी त्या अशा नव्हत्या.

२२ एप्रिल, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

अकरा चाळीसला मी वर्ध्याच्या मुख्य मशीनवर खात्यांची यादी उघडून बसले होते, तळेगावच्या नव्या शिक्षिकेचं खातं करायला. डोळ्यांसमोर यादीत एक नाव वाढलं. 'सपोर्ट२'. मी केलेलं नाही. त्याला पूर्ण अधिकार मिळाले, तेही माझ्या डोळ्यांसमोर. मग नकलेचं काम बंद झालं. मग कर्मचाऱ्यांच्या माहितीचं फोल्डर उघडलं.

कोण आत आहे ते पाहिलं. सरांची किल्ली.

मी फोन उचलला. सरांना विचारावं म्हणून. काकूंचा नंबर वाजत राहिला, कोणी उचलला नाही. सरांचा लावला, तो व्यस्त. परत लावला. आणि पडद्यावर फोल्डरमधल्या फायली एकेक निवडल्या जाताना दिसत होत्या. मग मी फोन ठेवला आणि सरांची किल्ली पुसली. एका ओळीचं काम. त्या क्षणी सगळं थांबलं. 'सपोर्ट२' काढलं, बाकीच्या तिन्ही ऑफिसांना वायरी ओढायला सांगितल्या. रूपालीने तर "कोणती वायर" पण विचारलं नाही.

घड्याळात पाहिलं तर अकरा चव्वेचाळीस.

रिक्षा करून रामनगरला गेले. दार सरांनीच उघडलं, कानाला फोन. "हे बघा, आल्याच त्या," ते फोनमध्ये म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फारच अदबीने. मी कोण ते विचारताच त्याने फोन ठेवला.

सरांचा पडदा दूरच्या माणसाच्या हाती देणारं एक ॲप चालू होतं, त्या माणसाने उतरवायला लावलेलं. बोगद्याचं दार सरांनी उघडलं होतं, आणि पुढचं सगळं तो करत होता. मी मशीनची वायर उपटली.

"कोणाचा फोन होता सर?"

"तुझ्याच ऑफिसचा. सर्व्हरची तपासणी आहे म्हणाला. तूच पाठवलंस ना त्याला?"

"मी नाही पाठवलं."

"नाही कसं? सकाळी तू येऊन सांगून गेलीस."

मी सकाळी आले नव्हते. महिनाभर मी या घरी आले नव्हते.

"कोड कुठून मिळाला?" मी विचारलं. सरांनी टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेल्या काकूंच्या फोनकडे बोट केलं; काकू भाजी आणायला गेलेल्या. सर खुर्चीत बसले, चिठ्ठ्यांकडे बघत. मग अगदी हळू म्हणाले, "प्रेरणा, यातली कुठली चिठ्ठी चुकली?"



२३ एप्रिल, बुधवार

काकू ऑफिसात आल्या. पहिल्यांदाच. बाहेरच्या बाकावर बसू म्हणाल्या, आत नको.

सरांना विसरण्याचा आजार आहे, दीड वर्ष झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून दोघांनाच माहीत आहे; मुलगा मिहिर बंगळुरूला, त्यालाही अर्धवटच सांगितलं. चिठ्ठ्या काकूंनी सांगायच्या आणि सरांनी लिहायच्या. सकाळी अकराला मशीनसमोर बसले की तासभर शांत असतात. बाकी दिवसभर घरात काहीतरी शोधत फिरतात.

"त्या एका तासात मी माझा स्वयंपाक करत होते गं," काकू म्हणाल्या. "तू किल्ली घेऊन आलीस तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडावर आलं होतं. पण तू म्हणालीस, सरांशिवाय दुसरं कोण आहे. ते ऐकून हे इतके खूश झाले, की राहूनच गेलं."

मग म्हणाल्या, "वर्षाली, नाव नको लिहूस. एक तारखेपर्यंत तरी. एवढा एक दिवस होऊ दे."

त्यांना रिक्षात बसवून दिलं.

घरी येऊन ही वही मागे चाळली. सत्तावीस मार्च वाचलं. दोन एप्रिल वाचलं. आठ एप्रिलचं ते एक वाक्य. रूपाली एका फोनमध्ये ओळखून गेली आणि मी महिनाभर नोंदी समोर ठेवून रुसून बसले. जेवले नाही. अभिरामने विचारलं तर डोकं दुखतं म्हटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

अहवाल तीन वेळा लिहिला.

पहिल्यात लिहिलं, 'एका किल्लीचा गैरवापर झाला.' कोणाची ते नाही. पण मग सरांचं मशीन का जप्त करायचं, काकूंचा नंबर का बदलायचा, काहीच सांगता येईना. त्या माणसाने सरांच्या मशीनवर आणखी काय ठेवलंय ते तपासलं नाही तर सरांच्याच घरात चोर बसलेला राहील. आणि कर्मचाऱ्यांच्या यादीच्या दोन फायली बाहेर गेल्या आहेत. ज्यांची माहिती गेली त्यांना सांगायलाच हवं. अर्धं खरं लिहून यातलं काही होत नाही.

दुसऱ्यात सगळं लिहिलं, आणि वाचल्यावर असं वाटलं की सरांनीच सगळं केलं.

तिसऱ्यात हे जोडलं: 'निवृत्त व्यक्तीस पूर्ण अधिकाराची किल्ली प्रशासक म्हणून मी दिली. केवळ पाहण्याचा अधिकार देता आला असता. दि. २७ मार्चपासून नोंदींमध्ये असाधारण वर्तन दिसत होते. मी त्याची चौकशी केली नाही. दि. २ एप्रिलची नोंद मी रजिस्टरात अपुरी लिहिली.' आजार लिहिला नाही. तो सांगायचा हक्क काकूंचा.

सही केली आणि चंद्रभानजींच्या टेबलावर ठेवला. काकूंना फोन करून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२८ एप्रिल, सोमवार

चंद्रभानजी संतापलेत. "रिटायर माणसाच्या घरून चोर आत येते अन् आपण त्याचा सत्कार करून राह्यलो! पत्रिका वाटून झाल्या, नाई तं कार्यक्रमच क्यान्सल केला असता. दोन तारखेले पोलिसात अर्ज देतो. नावासकट. तुमचं काय कराचं ते मंग पाहू."

मी म्हटलं, सरांना एकदा भेटा.

"एक तारखेले भेटतोच आहो न स्टेजवर."

१ मे, गुरुवार

सभागृह भरलं होतं. तळेगावहून रूपाली आणि नानाजी पहाटेच्या एसटीने आले. काकू पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं. पाटीवरचा पडदा सरला. मग सर बोलायला उभे राहिले. खिशातून दोन कागद काढले आणि वाचू लागले. पहिला संगणक १९९४ साली बैलबंडीतून कारंजाच्या शाळेत कसा नेला, रस्त्यात गावकऱ्यांनी तो टीव्ही समजून क्रिकेटचा स्कोअर विचारला, हे वाचलं. लोक हसले, टाळ्या. सर थांबले, पान उलटलं, परत उलटलं. आणि पुन्हा वाचू लागले, बैलबंडीपासून. शब्दन् शब्द तोच, तितक्याच उत्साहाने.

लोकांना आधी वाटलं गंमत करतात. एक-दोघं हसले. मग सभागृह गप्प झालं. पंखे तेवढे वाजत होते. सर स्कोअरपाशी आले आणि टाळ्यांसाठी थांबले.

पहिली टाळी मागून आली, नानाजींची. मग सगळ्यांनी वाजवल्या, बराच वेळ. चंद्रभानजी खुर्चीतून उठले, सरांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना जागेवर नेऊन बसवलं. पाणी स्वतः दिलं.

कार्यक्रम संपल्यावर ते मला कोपऱ्यात म्हणाले, "थे तुमी लिवलं काऊन नाई?"

"ते माझं लिहायचं नव्हतं."

रुमालाने मान पुसत उभे राहिले. "अर्ज त्या फोनवाल्यावर देऊ. अनोळखी इसम म्हणून. कोणाच्या मशीनीतून आला थे पोलिसायले तोंडानं सांगू, मी जातो सोबत. पन तुमाले मेमो भेटन, मॅडम. सुट्टी नाई त्याच्यातून."

"द्या," मी म्हटलं. खरंच हलकं वाटलं.

५ मे, सोमवार

मेमो मिळाला. सही करून घेतला. दुपारी सरांचं मशीन पुसून कोरं करायला गेले. या वेळी फोन करून.

काकूंनी दार उघडलं, जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ये. मिहिर येतोय शनिवारी. सांगितलं त्याला सगळं." पन्हं आणून दिलं. सर खुर्चीत बसले होते, आणि आज दिवस बरा होता. माझं नाव घेतलं, माझंच. मी काम करत होते तिकडे पाहत राहिले.

"माझी किल्ली बंद केलीस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"कळल्यापासून किती वेळात?"

"चार मिनिटं."

त्यांनी विचार केला. "चार का लागली?"

"तुम्हाला फोन करत होते. विचारायला."

"तीन मिनिटं वाया घालवलीस," सर म्हणाले. "आधी तोडायचं, मग विचारायचं. माणूस कोणी असो." आवाज अगदी पूर्वीचा, शिकवतानाचा. मी मान खाली घातली. जरा वेळाने ते म्हणाले, "आता दुसरी किल्ली कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही. माझी एकटीची."

"मग तू आजारी पडलीस तर?" ते पुढे वाकले. "एकट्या माणसावर असं ठेवू नये. आणि माझ्यासारख्यावर तर नाहीच. जो रोज मशीनसमोर बसतो त्याला शिकव. तळेगावला ती कोण, मशीनं किती म्हणून विचारलं तर लगेच सांगते ती?"

"रूपाली."

"तिला विचार."

मशीन कोरं झालं. मी निघताना त्यांनी विचारलं, "प्रेरणा, पाऊस पडतोय का बाहेर?" बाहेर रखरखीत ऊन होतं. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खुणेने जा म्हणाल्या.

१३ मे, मंगळवार

रूपालीला गेल्या आठवड्यात विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल. ती म्हणाली, "मले तं दोन वर्षांपासून शिकाचं होतं. तुमी कधी इचारलंच नाई."

चंद्रभानजींनी लेखी मंजुरी दिली, त्याच दिवशी. 'पाहू' नाही.

तिची किल्ली केली. आधी फक्त बघण्याची. रोज तासभर फोनवर शिकवते. ती माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते आणि उत्तर पटलं नाही तर पुढे जाऊ देत नाही. काल म्हणाली, "तुमच्या किल्लीनं सारंच काम होते, मंग साध्या कामाले बी तुमी थेच काऊन वापरता?" तेरा वर्षं तशीच वापरते आहे. आज माझ्यासाठी साध्या कामाची वेगळी किल्ली केली.

२१ मे, बुधवार

सकाळपासून अंगात कसकस. थर्मामीटर एकशे एक. तरीही ऑफिसात जाऊन बसले. कारंजाच्या दोन मशीनवर दुरुस्त्या बसवायच्या होत्या आणि मुख्य मशीन बंद करून चालू करायचं होतं. अक्षरं पडद्यावर पोहत होती. अकराला रूपालीला फोन केला, फक्त कारंजाला सांग आज होणार नाही, एवढं म्हणायला.

"काऊन होनार नाई?" ती म्हणाली. "मी हाये न. किल्ली द्या मोठ्या कामाची. आजच्यापुरती."

मी तिच्या किल्लीला संध्याकाळी पाचपर्यंतचा अधिकार दिला. थोड्या वेळात माझ्या समोरच्या पडद्यावर बाण हलायला लागला. माझा हात टेबलावर होता. बाण आधी जरा चुकला, भलत्याच खिडकीवर गेला, थांबला, परत आला आणि मग सरळ योग्य जागी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, मी तुमच्या मशीनीत हाये," फोनवर आवाज आला. "दिसून राह्यलं का तुमाले?"

"दिसतंय."

"मंग तुमी काऊन बसल्या अजून? घरी जा, झोपा. झालं की फोन करते, नाई तं मेसेज करते."

मी पर्स उचलली. दारातून एकदा वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती आणि पडद्यावर काम चाललेलं होतं.

मेसेज तीन वाजता आला होता. मी तो सहाला पाहिला, जाग आल्यावर.